गोष्टी सांगून पोट भरतं का?



गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत रेडिओवर बोलायला कोण जाणार याची नावं घेत होतो. लावणी नुकतीच आटपलेली, सगळ्यांच्या पायांना चिखल्या झालेल्या. एक म्हणाली, मला बोलता येत नाही. दुसरी म्हणाली, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. मागं भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी मात्र सरळ म्हणाल्या, "बाय, गोष्टी सांगून पोट भरतं का कुणाचं?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं. आजचं आमचं बोलणं त्याच्यावरच आहे. आपल्या मराठी मुलखात गोष्ट सांगण्याचं काम कोणी केलं, त्याचे पैसे कोणाला मिळाले, आणि बाई त्या कामात कधी शिरली, हे पाहू. त्यातली एक बाई जरा निवांत पाहू, कारण तिनं दोन कामं एकत्र केली: लोकांकडं जाऊन त्यांचं जगणं विचारून मासिकांत लिहायचं, आणि लोकांपुढं उभं राहून गोष्ट सांगायची.

आधी आपल्या घरातलंच घेऊ. देवळात कीर्तन व्हायचं. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करायचा, उत्तररंगात आख्यान लावायचा. आख्यान म्हणजे गोष्टच. हरिश्चंद्राची, ध्रुवाची, संतांची. शेवटी आरतीच्या ताटात पैसे पडायचे आणि देवस्थान बिदागी द्यायचं. म्हणजे आजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की हो, भरायचं पोट, पण बुवांचं. त्याच गावात शिमग्यात नमन उभं राहायचं. आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या नमनात गण होतो, गवळण होते, वग होतो, मावशी येऊन सगळ्यांना हसवून जाते. पण मावशी पुरुष, गवळणीही पुरुषच. बाईची गोष्ट होती, बाईचं लुगडं होतं, बाई मात्र खळ्याच्या कडेला पोर मांडीवर घेऊन बघत बसलेली. अलीकडं काही ठिकाणी बायकांचीही नमनं उभी राहायला लागली आहेत. ती बघायला आम्ही मुद्दाम जातो.

मग बाई गोष्ट सांगायची कुठं? जात्यावर, आणि श्रावणात कहाणी वाचताना. जात्यावर तर दोघींत सगळं चालायचं. सासरचं, माहेरचं, भावाचं, सीतेचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवें या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून, बायकांकडून ऐकून, लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाख! त्या सगळ्या पहाटेच्या अंधारात, दळण पडता पडता रचलेल्या. ऐकणारी होती समोर बसलेली जाऊ, नाहीतर पाळण्यातलं पोर. त्याची बिदागी म्हणजे पायलीभर पीठ. आणि गिरणी आली तसं ते बसणंही गेलं.

आता छापलेल्या कागदाकडं येऊ, कारण पैशाचा रस्ता तिकडून फुटला. मराठी वर्तमानपत्राची सुरुवात आपल्याच कोकणच्या माणसानं केली. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, त्यांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं. पुढं पत्रं वाढली, पण त्यांत बाईचं नाव शोधायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं पुढं यावं लागतं. तिथं तानुबाई बिर्जे भेटतात. फुले दांपत्याच्या शिकवणीत, सत्यशोधक घरात वाढलेल्या. त्यांचे पती वासुदेवराव 'दीनबंधु' हे पत्र चालवत होते. १९०८ साली ते गेले, आणि तानुबाईंनी ते पत्र स्वतः चालवायला घेतलं. १९१२ पर्यंत त्यांनी ते चालवलं. नवरा गेल्यावर बाईनं कोपऱ्यात बसायचं, अशा त्या काळात ही बाई अग्रलेख लिहीत होती, खिळे जुळवणाऱ्यांचा हिशेब बघत होती. दर वर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंचा फोटो लावतो, तेव्हा तानुबाईंचंही नाव घ्यायला हवं असं आम्हांला वाटतं. आमच्या तालुक्यातल्या शंभर बायकांना विचारलं तर एकीला तरी ते माहीत असेल का, शंका आहे.

तानुबाईंकडं निदान चालतं पत्र आलं होतं. ज्या बाईकडं पत्र नाही, छापखाना नाही, तिला लिहून चार पैसे कधी मिळायला लागले? मासिकं आली तेव्हा. सावंतवाडीकडच्या आजगावचे काशीनाथ रघुनाथ आजगावकर, ज्यांना सगळे काशीनाथ रघुनाथ मित्र म्हणत, त्यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक सुरू केलं आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. तो मराठीतला पहिला दिवाळी अंक. त्यानंतर दिवाळीला करंजी, चकली तसा अंक हे ठरूनच गेलं. १९३० साली किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. घरात बसून, पोरं झोपल्यावर लिहायचं, टपालानं पाठवायचं, आणि छापलं तर मनिऑर्डर यायची. हे बायकांना जमण्यासारखं होतं. कुणाची परवानगी न घेता पोस्टाच्या पेटीपर्यंत जाता येत होतं. बऱ्याच जणींनी ते केलं. काहींनी टोपणनावानं केलं, का ते तुम्हांला सांगायला नको.

पण लिहिणं वेगळं आणि चार लोकांत उभं राहून बोलणं वेगळं. १९६२ च्या सुमाराला व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं लेखक गावोगाव जाऊन आपल्याच कथा लोकांना सांगायला लागले. त्याला नाव पडलं कथाकथन. नाटक नाही, सोंग नाही, पेटी-तबला नाही. एक माईक, एक तांब्या-भांडं, आणि माणूस. कागद बघून वाचलं तर त्याला वाचन म्हणतात. कथाकथनात कथा तोंडपाठ लागते, आणि पाठ असल्याचं ऐकणाऱ्याला कळता कामा नये. म्हातारीचा आवाज आला तर म्हातारी दिसली पाहिजे. हशा झाला तर तो ओसरेपर्यंत थांबायला हवं, आणि लोक गप्प झाले तर ती शांतता मोडता कामा नये. गणेशोत्सवाचे मंडप, वाचनालयांचे वार्षिक कार्यक्रम, व्याख्यानमाला, शाळा-कॉलेजांची संमेलनं, सगळीकडं कथाकथन ठेवायला लागले. पुढं व. पु. काळे आले, त्यांच्या तर कॅसेटी निघाल्या. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत भजनांच्या कॅसेटीबरोबर तीही असायची.

आता एक गोष्ट बघा. माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रम बघत. शंकर पाटील आधी शिक्षक आणि पुढं पाठ्यपुस्तकांच्या मंडळात. मिरासदारांनी सुरुवातीला काही वर्षं पत्रकारिता केली, मग शिक्षकी धरली, प्राध्यापक झाले. व. पु. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद. म्हणजे या सगळ्यांच्या पायाखाली पगार होता. शनिवारी रात्री कार्यक्रम, सोमवारी कामावर हजर. पाकीट मिळालं तर चांगलं, नाही मिळालं तरी महिन्याचं वाणसामान अडत नव्हतं. त्यांचं काम मोठंच आहे, त्यात आम्ही काही उणं काढत नाही. बचत गटाचं काम करताना एक सवय मात्र लागते. कुणाचंही यश ऐकलं की आम्ही आधी विचारतो, भांडवल कुठून आलं? इथं भांडवल पगाराचं होतं. शिवाय रात्री दहाला कार्यक्रम संपवून मुक्कामाला कुठं राहणार, हा प्रश्न या पुरुषांना कोणी विचारला नसणार.

या रांगेत एक बाई येऊन उभी राहिली. त्यांचं नाव गिरिजा कीर. गिरिजा हे नाव देवरूखच्या बायकांना परकं नाही. साखरप्याच्या गिरजाईचं संक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराशी लग्न लागतं, त्या वऱ्हाडात आपण सगळ्या चालतो. पण या गिरिजाताईंचं माहेरचं नाव रमा, आडनाव मुदवेडकर. जन्म ५ फेब्रुवारी १९३३ चा, धारवाडचा. धारवाड आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडणारं गाव. शिक्षण मुंबई विद्यापीठाचं बी. ए. म्हणजे आमच्याएवढंच. हे वाचून आम्हांला उगीच बरं वाटलं!

सुरुवात त्यांनी मासिकांत लिहिण्यापासून केली. 'किर्लोस्कर', 'प्रपंच', 'ललना' अशा मासिकांत त्यांचं लिखाण येत असे. पुढं १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षं त्यांनी 'अनुराधा' या मासिकात साहाय्यक संपादिका म्हणून काम केलं. साहाय्यक संपादिकेचं काम काय असतं ते आम्हांला या मासिकाच्या ताईंकडं बघून थोडं ठाऊक झालं आहे. आलेलं टपाल वाचायचं, कुणाचं घ्यायचं, कुणाला नम्रपणे परत पाठवायचं, चुका काढायच्या, लेख आला नाही तर दोन पानं रात्रीत स्वतः भरायची, छापखान्यात जाऊन प्रुफं बघायची. मथळ्याखाली नाव दुसऱ्याचं आणि डोळे आपले. दहा वर्षं हे केलं की दुसऱ्याच्या लिखाणातलं काय धरून ठेवतं आणि काय सुटतं, ते हाताला कळायला लागत असणार. वाचकांची पत्रंही त्याच टेबलावर येतात. बायका पत्रात काय काय लिहितात! जे नवऱ्याला सांगता येत नाही ते संपादिकेला लिहितात.

गिरिजाताई टेबलाशी बसून राहिल्या नाहीत. त्यांनी कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, मुलांसाठी लिहिलं, प्रवासवर्णन लिहिलं. पण आम्हांला त्यांचं जे काम सगळ्यात जवळचं वाटतं ते वेगळं आहे. लोक ज्यांच्या वाटेला जात नाहीत अशा माणसांकडं त्या गेल्या. आदिवासी पाड्यांवर गेल्या. पुण्याच्या येरवडा तुरुंगात जन्मठेप भोगणारे जे कैदी होते, त्यांना त्या भेटत राहिल्या. एकदा जाऊन फोटो काढून परत आल्या असं नाही, वर्षानुवर्षं गेल्या. त्यातून 'जन्मठेप' हे पुस्तक झालं.

इथं जरा थांबूया. तुरुंगात जाऊन कैद्याशी बोलायचं म्हणजे काय काय करावं लागतं? आधी परवानगीचा अर्ज. मग तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. मग दिलेल्या वेळेला फाटकाशी हजर राहायचं, पिशवी तपासू द्यायची, नाव लिहायचं. समोर येणारा माणूस खुनाच्या गुन्ह्यात आत आलेला. तो पहिल्या भेटीत खरं का सांगेल? आपल्या गटातली बाईसुद्धा पहिल्या बैठकीत खरं कर्ज सांगत नाही. सावकाराचं सांगते, भावाचं लपवते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, हप्ता थकला की मग हळूच बोलते. ज्यांनी घरोघर फिरून काम केलं आहे त्यांना हे माहीत असतं. आपल्या देवरूखला १९५४ साली इंदिराबाई हळब्यांनी, आपल्या मावशींनी, मातृमंदिर उभं केलं, तेही असंच पायाला भिंगरी लावून. माणूस बोलता व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी मोजून पैसे देत नाही. लेख छापला तर लेखाचे पैसे मिळतात. पाच वेळा फाटकाशी जाऊन हात हलवत परत आल्याचे कोण देणार?

आणि मग हीच बाई व्यासपीठावर उभी राहून कथा सांगायची. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर गिरिजाताईंनी कथाकथनाचे शेकडो कार्यक्रम केले. ज्या मंचावर आधी पुरुषांच्या विनोदी गावरान कथांना हशा मिळत होता, तिथं एक बाई आली आणि बायकांच्या मनातलं, कैद्यांच्या मनातलं सांगायला लागली. बाईनं कीर्तन केलं तर निदान देवाचं नाव पुढं असतं. इथं देव नाही, गाणं नाही, नाच नाही. नुसतं बोलणं, आणि समोर दोन-चारशे माणसं. आम्ही वीस बायकांपुढं इतिवृत्त वाचताना अडखळतो, म्हणून आम्हांला त्याची किंमत कळते.

आम्हांला असं वाटतं की त्यांची ही दोन कामं मुळात एकच होती. विचारायला गेल्या नसत्या तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. आणि लोकांपुढं सांगायची सवय नसती तर तुरुंगातल्या माणसाचं बोलणं कागदावर इतकं सरळ उतरलं नसतं. कान आणि तोंड एकाच माणसाचं. गावातल्या ज्या बाया चांगली गोष्ट सांगतात त्या आधी चांगलं ऐकतात, तुमच्या वाडीतली एखादी आठवून बघा.

आता पोटाच्या प्रश्नाकडं येऊ. लेखन आणि कथाकथन यांवर चालणाऱ्या माणसाचं वर्ष कसं असतं? आपल्यासारखंच, हंगामी. मे-जूनपासून दिवाळी अंकांची पत्रं यायला लागतात, कथा द्या, लेख द्या. म्हणजे आपण भाजावळ करून पेरतो तेव्हा त्यांचीही पेरणी. श्रावण-भाद्रपदापर्यंत लिहून द्यावं लागतं. गणपतीत आणि नवरात्रात कार्यक्रमांची झुंबड, एका दिवसाला दोन-दोन बोलावणी, कारण सगळ्यांना तेच दहा दिवस हवे असतात. दिवाळीनंतर थंडीत व्याख्यानमाला आणि संमेलनं. शाळांच्या परीक्षा आल्या की सगळं थंड. दिवाळी अंकाचं मानधन कधी येईल ते संपादकाच्या हातात. कुणी वेळेवर देतो, कुणी अंक पाठवून भागवतो. कार्यक्रमाचं पाकीट घरी येऊन उघडायचं, आधी विचारलं तर बरं दिसत नाही. काजूचा दर जसा व्यापारी सांगेल तो, तसंच हे. काजू निदान वाळवून दोन महिने ठेवता येते. गणपतीतला कार्यक्रम मार्गशीर्षात विकता येत नाही.

मग असं काम करणाऱ्या बाईला धरून ठेवायला काय असतं? कायदा थोडासा आहे, तो सांगतो, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. पत्रकारांच्या पगाराचा आणि कामाच्या तासांचा कायदा १९५५ साली झाला, पण तो वर्तमानपत्रात नोकरीला असलेल्यांसाठी होता. मोकळेपणानं चार ठिकाणी लिहिणारीला त्याचा आधार जवळजवळ नव्हता. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यानं लिहिलेल्या कथेवर लेखिकेचा हक्क राहतो, ती हयात असेपर्यंत आणि पुढं साठ वर्षं. म्हणून एखाद्या लेखकाची कथा तिकीट लावून सांगायची तर त्याची किंवा वारसांची परवानगी घ्यावी लागते. कहाण्या, ओव्या, गावात चालत आलेल्या गोष्टी यांना ती अडचण नाही, त्या सगळ्यांच्या आहेत. पण नुसतं सांगणाऱ्याचं काय? १९९४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन सादर करणाऱ्याचाही हक्क मानला गेला. त्यात नट आला, गायक आला, नाचणारा आला, कसरत करणारा आला, गारुडी आला आणि भाषण देणारी व्यक्तीसुद्धा आली. गारुड्याच्या शेजारी आपलं नाव लागलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. याचा अर्थ असा की तुम्ही लोकांपुढं जे सांगता, ते तुम्हांला न विचारता रेकॉर्ड करून कोणी वापरता कामा नये.

हे आम्ही एवढं का सांगतो, त्यालाही कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका बाईला जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमाला नेलं. कुणी नेलं ते सोडा. तिनं नवरा आजारी असताना कोंबड्यांवर कर्ज कसं फेडलं ते सांगितलं. फार छान बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला नारळ आणि गुलाबाचं फूल मिळालं. जाण्यायेण्याचं एस्टीचं भाडं तिचं तिनंच घातलं, त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी. दोन महिन्यांनी तिचीच गोष्ट, तिच्या नावासकट आणि नवऱ्याच्या आजाराच्या नावासकट, दुसऱ्याच कुणीतरी मोबाइलवर फिरवलेल्या एका व्हिडिओत आली. आवाज तिचा. खाली नाव त्या सांगणाऱ्याचं. तिच्या सासरच्यांनी ते पाहिलं आणि घरात आठ दिवस अबोला. ती बाई पुढं चार बैठकांना आली नाही. तिच्याकडं आम्ही दोघी-तिघी जाऊन बसलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं ते समोर बसलेल्यांना. सगळ्या मुलखाला नव्हतं सांगितलं."

हे ऐकल्यावर आम्हांला येरवड्याचे ते कैदी आठवले. त्यांचं बोलणं पुस्तकात आलं ते एका बाईनं अनेक वर्षं जाऊन-येऊन, त्यांच्याशी नातं जोडून. एका दुपारी मोबाइल धरून नाही. गोष्ट सांगण्याच्या धंद्यात पैशाचा प्रश्न मोठा आहेच, पण ज्याची गोष्ट आहे त्याला विचारलं का, हा प्रश्न त्याच्याही आधी येतो. कथाकथनकार कथेत माणसांची नावं बदलतो, गाव बदलतो, दोन माणसांचा एक माणूस करतो, ते उगीच नाही. आपल्याकडं शिमग्यात फाकेसुद्धा नाव न घेता घालतात, आणि तरी सगळ्यांना कळतं.

आता रेडिओचं. आकाशवाणी पूर्वीपासून होती, त्यावर बायकांचे कार्यक्रम होते, पण तिथं बोलवणं यावं लागायचं. २००६ साली सरकारनं धोरण बदललं आणि स्वयंसेवी संस्थांनाही छोटं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळायला लागली. साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशातल्या बायकांचं केंद्र २००८ पासून चालू आहे, तिथं मेंढपाळ घरातल्या बायका माईकवर बोलतात, गातात. म्हणजे तानुबाईंना जे नवऱ्यामागं आलेल्या पत्रामुळं मिळालं, गिरिजाताईंना दहा वर्षांच्या मासिकाच्या कामातून आणि स्वतःच्या पायांनी मिळवावं लागलं, ते माईकचं टोक आज आपल्या गावापर्यंत आलं आहे. गिरिजाताई ३१ ऑक्टोबर २०१९ ला गेल्या. देवरूखच्या वाचनालयात त्यांचं एखादं पुस्तक मागून बघा, आणि आलटून पालटून एकीनं वाचायचं, चौघींनी ऐकायचं, असं करा. ज्यांना अक्षर ओळख कमी आहे त्यांना मध्ये बसवा.

आमच्या ग्रामसंघानं त्या मोबाइलच्या प्रकारानंतर इतिवृत्तात काही गोष्टी लिहून घेतल्या आहेत, त्या तुमच्या उपयोगाच्या म्हणून सांगतो. आपली कुणी सभासद कुठंही बोलायला जाणार असेल तर बोलावणाऱ्यांना आधी विचारायचं की भाडं कोण देणार आणि दिवसाची मजुरी कोण देणार. ते देणार नसतील तर ग्रामसंघ देईल, पण ती बाई फुकट जाणार नाही. रेकॉर्ड करणार का, आणि केलं तर कुठं वाजवणार, हे तिच्यासमोर विचारायचं. तिनं नको म्हटलं तर नको. दुसऱ्या बाईची गोष्ट सांगायची असेल तर तिला आधी वाचून दाखवायची, ती म्हणेल ते गाळायचं, नाव तिनं सांगितलं तरच घ्यायचं. एका ताईंनी विचारलं, एवढं सगळं केलं तर बोलवणार कोण आम्हांला? त्यावर बरंच बोलणं झालं, दोघी रागावूनही गेल्या. शेवटी ठराव झाला.

त्या ठरावावर पहिली सही केली त्या कोंबडीवाल्या बाईनं. गेल्या महिन्यात साखरप्याच्या एका शाळेत बचतीवर बोलायला तिलाच बोलावलं होतं. तिनं भाडं आणि मजुरी आधी ठरवून घेतली, सकाळच्या एस्टीनं गेली, नवऱ्याच्या आजाराचं काही न सांगता पिल्लांचं, कोंबडखाद्याचं आणि हप्त्यांचं सगळं सांगितलं. परत आली ती वहीत पावती डकवूनच.